चाकाकडून एंजिनाकडे : जुन्या जीप-पिकअप गाडीत एंजिन व अ‍ॅक्सल बदलण्याचे नियोजन

मोटारगाडीच्या सर्व भागांना सारखे आयुष्य मिळालेले नसते. जाड पोलादी पत्र्याची चासी गंजापासून जपली, तर ती चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकते. एंजिन मात्र तेवढ्या काळात दोन-तीन वेळा उतरवावे लागते; कालांतराने त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, किंवा त्याला लागणारे इंधन परवडेनासे होते. त्यामुळे जुन्या चासीवर दुसरे एंजिन चढविण्याची कल्पना गाडी जितकी दणकट असेल तितकी अधिक स्वाभाविकपणे सुचते. जीप आणि जीपच्या जातीच्या पिकअप गाड्या यांच्या बाबतीत ती विशेष रुजली, याचे कारण हेच आहे.

भारतात या गाड्यांचा इतिहास मुंबईच्या माझगावात सुरू होतो. तेथे महिंद्र कंपनीने १९४९ साली विलीज जीपची जुळणी हाती घेतली. सुरुवातीच्या जीपगाड्या पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. १९७३ नंतर जगभर खनिज तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलचे एंजिन काढून डिझेलचे बसविण्याचे काम देशातील लहानमोठ्या गॅरेजांत नित्याचे झाले. ऐंशीच्या दशकात महिंद्र कंपनीने प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल एंजिन आपल्या जीपगाड्यांत वापरले. त्याच्या नावातच त्याचे वर्णन आहे : चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर असल्यामुळे त्याची क्षमता २,११२ घन सेंटिमीटर भरते. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी तयार होणारी ‘जोंगा’ ही गाडी १९९९ पर्यंत निघत होती. तिचे सहा सिलिंडरांचे, ३,९५६ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन नागरी मालकाच्या खिशाला जड पडे. लिलावात घेतलेल्या अनेक जोंगा गाड्यांत म्हणूनच पुढे डिझेल एंजिने आली.

अशा कामाचा विचार करावयाचा तर बंगळूर शहराकडे लक्ष जाते. शहराच्या पश्चिमेस सकलेशपूर, चिकमगळूर आणि कोडगू या डोंगराळ भागांतील कॉफीचे मळे आहेत. तेथील चिखलाच्या चढांवर चारही चाकांनी ओढणारी गाडी ही चैनीची नव्हे, तर कामाची वस्तू असते. शहरात जे. सी. रोड या नावाने ओळखला जाणारा जयचामराजेंद्र मार्ग मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. शिवाजीनगरात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ व मिलिंगचे अचूक काम करणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. डिझेलच्या इंजेक्शन पंपांसाठी नाव मिळविलेली ‘मायको’ ही कंपनी याच शहरात १९५१ साली स्थापन झाली. २००८ पासून ती बॉश या नावाने ओळखली जाते. अलीकडे कामाच्या जोडीला छंदही आला आहे. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही खडतर वाटांवरील स्पर्धा २०१४ पासून गोव्यातही भरू लागली आणि दक्षिणेतील हौशी चालकांना आपल्या गाड्या अधिक समर्थ करण्याचे नवे निमित्त मिळाले.

सामग्री आणि कसब हाताशी असूनही असे बेत पुष्कळदा अर्ध्यावर राहतात. एंजिन बदललेली, पण रस्त्यावर कधीच न आलेली गाडी गॅरेजच्या मागे पडून राहते. किंवा ती रस्त्यावर येते आणि पहिल्याच चढावर तिच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट तुटतो. या अपयशाचे कारण बहुधा कारागिराच्या हातात नसते. ते विचाराच्या क्रमात असते. मालक प्रथम एंजिन विकत घेतो आणि मग इतर भाग त्याला जुळवू पाहतो. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. नियोजन चाकापासून सुरू होऊन एंजिनाशी संपले पाहिजे.

साखळीचे गणित

एंजिनाचे फिरविण्याचे बळ, ज्याला व्यवहारात टॉर्क म्हणतात, ते चाकापर्यंत एका साखळीतून पोहोचते. क्लच, गिअरबॉक्स, चार चाकांना बळ वाटून देणारी ट्रान्स्फर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन, अ‍ॅक्सलचे शाफ्ट आणि शेवटी टायर, असे तिचे दुवे आहेत. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि क्राउन-पिनियन या तीन ठिकाणी फेरे कमी होतात व त्याच प्रमाणात टॉर्क वाढतो. या तीन ठिकाणच्या प्रमाणांचा गुणाकार म्हणजे गाडीचे एकूण घटप्रमाण होय.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिच्या एंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर होता. पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६, ट्रान्स्फर केसचे मंदगतीचे प्रमाण १.९७ आणि अ‍ॅक्सलचे ४.८८ होते. या तिन्हींचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. त्याने एंजिनाचा टॉर्क गुणिला असता चाकांवर ३७१ किलोग्रॅम-मीटर मिळतात. टायरची त्रिज्या सुमारे ०.३६ मीटर होती. तिने भागले असता जमिनीवरील ओढ १,०३० किलोग्रॅमच्या आसपास येते. साखळीतील घर्षणापोटी त्यातून पंधरा टक्के वजा केले, तर ८७५ किलोग्रॅम उरतात.

आता गाडीच्या वजनाकडे पाहावे. रिकामी जीप सुमारे १,१०० किलोग्रॅमची होती. माणसे व सामान धरून ती १,४७५ किलोग्रॅमपर्यंत जाई. कोरड्या, टणक मातीवर टायरची पकड वजनाच्या साधारण सहा दशांश धरली, तर ती ८८५ किलोग्रॅम होते. एंजिनाची ओढ आणि टायरची पकड यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. म्हणजे या एंजिनाला त्या मातीवर टायरची सगळी पकड वापरता येत होती. त्याहून अधिक बळ दिले असते, तर चाके केवळ जागच्या जागी फिरली असती.

याच साखळीवर २०१० साली आलेल्या महिंद्र थार गाडीचे २,४९८ घन सेंटिमीटरचे, संगणकनियंत्रित डिझेल एंजिन बसविल्याची कल्पना करावी. त्याचा कमाल टॉर्क सुमारे २५ किलोग्रॅम-मीटर आहे. घर्षण वजा जाता जमिनीवरील ओढ आता दीड हजार किलोग्रॅमच्या पुढे जाते. परंतु मातीची पकड ८८५ किलोग्रॅमच राहते. चिखलात तर ती याच्या निम्मीही नसते. जी ओढ जमिनीपर्यंत पोहोचू शकत नाही, तिचा चालकाला काहीच उपयोग होत नाही. उलट एखादे चाक दोन खडकांच्या बेचक्यात घट्ट अडकले, की जास्तीचे सारे बळ साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्यावर येऊन पडते.

म्हणून एंजिन बदलण्याचा हेतू आधी स्पष्ट शब्दांत लिहून काढणे आवश्यक असते. जुने एंजिन झिजले आहे, इंधनाचा खर्च झेपत नाही, महामार्गावर वेग अपुरा पडतो किंवा चढावर ओढ कमी पडते, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत व त्यांची औषधेही वेगळी आहेत. शेवटचे दुखणे एंजिनाला हात न लावताही अनेकदा बरे होते. विलीजच्या ट्रान्स्फर केसचे मंदगतीचे प्रमाण १.९७ होते, नंतरच्या सीजे-३बी जीपमध्ये ते २.४६ झाले. केवळ एवढ्या फरकाने ओढ पंचवीस टक्क्यांनी वाढते.

आधी टायर, मग प्रमाण

साखळीच्या शेवटच्या दुव्यापासून निघायचे, तर पहिला निर्णय टायरचा येतो. मोठ्या टायरमुळे अ‍ॅक्सलचा गोळा जमिनीपासून उंच जातो आणि खाचखळग्यांतून चाक सहज निघते. पण या लाभाची किंमत टॉर्कच्या रूपाने द्यावी लागते. ०.३६ मीटर त्रिज्येच्या टायरऐवजी ०.४२ मीटर त्रिज्येचा, म्हणजे सुमारे तेहतीस इंची टायर लावला, तर ४.८८ प्रमाणाचा अ‍ॅक्सल जणू ४.१८ प्रमाणाचा असल्यासारखा वागू लागतो. गाडी प्रत्येक गिअरमध्ये जड वाटते, क्लच घसरवत चालवावी लागते आणि दोष एंजिनाला दिला जातो. मूळचा तोल पुन्हा साधण्यासाठी अ‍ॅक्सलचे प्रमाण ५.६९ च्या जवळ न्यावे लागेल. सीजे-३बी जीपमधील ५.३८ हे प्रमाण त्याच्या बरेच जवळ आहे.

प्रमाण ठरविताना मंद गती आणि महामार्गावरील गती या दोन्ही टोकांचा हिशेब करावा लागतो. खडकाळ उतारावर गाडी ब्रेकपेक्षा एंजिनाच्या अडकावावर उतरविणे सुरक्षित असते. विलीजच्या २५.६ या एकूण प्रमाणात एंजिनाच्या १,००० फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी ५.३ किलोमीटर येतो; तो झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. सीजे-३बीच्या साखळीत एकूण प्रमाण सुमारे ३७ भरते व त्याच टायरवर तोच वेग ताशी ३.७ किलोमीटरवर येतो. हा फरक कागदावर लहान दिसला, तरी उतारावर तो जिवाच्या मोलाचा ठरतो.

दुसऱ्या टोकाला ज्या डिझेल एंजिनाची मर्यादा मिनिटाला ३,००० फेऱ्यांची आहे, ते ४.८८ प्रमाणावर आणि मूळच्या टायरवर सर्वांत वरच्या गिअरमध्ये ताशी ८३ किलोमीटरपर्यंत जाईल, ५.३८ वर मात्र ७६ पर्यंतच. पेट्रोल एंजिनाच्या वेगवान फेऱ्यांसाठी निवडलेले प्रमाण संथ डिझेल एंजिनाला मानवत नाही, ते यामुळेच. अशा वेळी पाचवा, वाढगतीचा गिअर असलेली गिअरबॉक्स हा उपाय असतो.

येथे एक नियम कधीही मोडता येत नाही : पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण एकच असले पाहिजे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असे अ‍ॅक्सल राहिले, तर मागची चाके शंभर मीटर जात असताना पुढची चाके एकशे दहा मीटर जाऊ पाहतात. सैल वाळूत टायर घसरून हा फरक गिळला जातो. टणक जमिनीवर मात्र साखळी आतल्या आत पिळली जाते आणि ट्रान्स्फर केस किंवा शाफ्ट तुटतो. स्वस्तात मिळाला म्हणून एकच अ‍ॅक्सल आणणाऱ्याने दुसऱ्याचा खर्च त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.

अ‍ॅक्सलची निवड

अ‍ॅक्सलवर येणारा ताण दोन मर्यादांपैकी लहान असलेल्या मर्यादेइतका असतो : एंजिन व गिअर यांनी दिलेला टॉर्क ही एक आणि टायरची पकड ही दुसरी. तीव्र चढावर गाडीचे वजन मागे सरकते. मागच्या चाकांवर १,००० किलोग्रॅम भार आला आणि खडकावरची पकड नऊ दशांश धरली, तर ०.३६ मीटरच्या टायरला मागच्या अ‍ॅक्सलवर ३२४ किलोग्रॅम-मीटर, तर ०.४२ मीटरच्या टायरला ३७८ किलोग्रॅम-मीटर ताण येऊ शकतो. म्हणजे एंजिनाला हात न लावता केवळ टायर मोठा केल्यानेही अ‍ॅक्सलवरील संभाव्य ताण सहाव्या हिश्शाने वाढतो.

हा ताण दोन्ही शाफ्टांत कसा वाटला जातो, हे डिफरन्शियलवर अवलंबून असते. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा टॉर्क देते. एक चाक घसरू लागले, की दुसऱ्यालाही तेवढ्यावरच भागवावे लागते. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. कुलूपबंद डिफरन्शियलमध्ये पकड असलेल्या चाकाला सारे बळ मिळते. गाडी निघते, परंतु एका शाफ्टवर दोघांचा भार येऊ शकतो. म्हणून असे कुलूप बसविण्यापूर्वी शाफ्टची जाडी पाहिली पाहिजे. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीस मिलिमीटरचा शाफ्ट तेहतीस मिलिमीटरचा केला, तर व्यास दहाच टक्क्यांनी वाढतो, ताकद मात्र एकतृतीयांशाने.

शाफ्ट तुटल्यावर काय होते, हाही निवडीचा एक निकष आहे. काही अ‍ॅक्सलांत शाफ्ट केवळ फिरविण्याचे काम करतो आणि गाडीचे वजन बाहेरच्या नळीवरील बेअरिंगे पेलतात. अशा रचनेत शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. ज्या रचनेत शाफ्ट वजनही पेलतो, तेथे तो बेअरिंगच्या बाहेर तुटल्यास चाकासकट निखळण्याचा धोका असतो. युद्धकाळातील विलीजचा मागचा अ‍ॅक्सल पहिल्या प्रकारचा होता. नंतरच्या नागरी जीपगाड्यांत दुसरा प्रकार आला. जुनी वस्तू प्रत्येक बाबतीत कमी प्रतीचीच असते, असे नाही.

यानंतर मापांचा प्रश्न येतो. जीपचे डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला असते, कारण तिच्या ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट त्याच बाजूने बाहेर पडतो. दुसऱ्या गाडीचा मधोमध गोळा असलेला अ‍ॅक्सल खाली बसविला, तर प्रोपेलर शाफ्ट तिरका जातो. चाकांच्या बोल्टांचेही तसेच आहे. जीप आणि मारुती जिप्सी यांच्या चाकाला १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. टोयोटा हायलक्सला त्याच वर्तुळावर सहा. दोन अ‍ॅक्सल वेगवेगळ्या घराण्यांतील असले, तर जादा चाक म्हणून दोन चाके बाळगावी लागतात. अ‍ॅक्सलची रुंदी, पाट्यांच्या बैठकींमधील अंतर आणि ब्रेकच्या नळ्यांची जागा हे सारे खरेदीपूर्वी पट्टीने मोजून घ्यावयाचे असते.

गुणाकार कोठे करावा

एकूण घटप्रमाण वाढवावयाचे ठरले, तर ते साखळीच्या कोणत्या टोकाला वाढवावे, या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मोठे एंजिन आणले, की क्लचपासून अ‍ॅक्सलपर्यंत प्रत्येक दुव्यावरील भार वाढतो. ट्रान्स्फर केसचे प्रमाण वाढविले, तर क्लच व गिअरबॉक्स निवांत राहतात. भार फक्त त्यांच्या पुढच्या भागांवर वाढतो. अ‍ॅक्सलमधील प्रमाण वाढविले, तर प्रोपेलर शाफ्टदेखील सुटतो आणि वाढीव टॉर्क क्राउन, पिनियन व अ‍ॅक्सलचे शाफ्ट एवढ्यांनाच सोसावा लागतो. म्हणजे गुणाकार साखळीच्या जितक्या शेवटी, तितके मधले दुवे सुरक्षित.

या नियमाला एक मर्यादा आहे. क्राउनचा व्यास तोच ठेवून प्रमाण वाढविले, की पिनियन लहान होत जातो व त्याचे दात दुबळे होतात. म्हणून प्रमाणाची वाढ अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस यांच्यात विभागून देणे शहाणपणाचे ठरते. सीजे-३बी जीपच्या साखळीत दोन्ही ठिकाणची प्रमाणे विलीजपेक्षा वाढलेली दिसतात.

एंजिनाची जागा

इतके ठरल्यावरच एंजिनाचा विचार करावयाचा. आतापर्यंतच्या हिशेबातून टॉर्कची वरची मर्यादा आणि फेऱ्यांचा पट्टा निश्चित झालेला असतो. आता त्या मर्यादेत बसणारे, सुटे भाग मिळणारे आणि बॉनेटखाली मावणारे एंजिन शोधावयाचे असते.

मावणे या शब्दाचा अर्थ लांबी-रुंदीपुरता नाही. एंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. तिचा खोल भाग काही एंजिनांत पुढे, तर काहींत मागे असतो. जीपच्या एंजिनाखालून पुढचा अ‍ॅक्सल जातो आणि खड्ड्यात तो वर उसळतो. उभ्या गाडीत दोन्हींमध्ये चार बोटे अंतर दिसले, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पाटे पूर्ण दाबले गेल्यावर किती अंतर उरते, ते महत्त्वाचे आहे. डिझेल एंजिन सामान्यतः जड असल्याने पुढचे पाटे मुळातच अधिक बसतात, हेही धरावे लागते.

नवे एंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी मध्ये पोलादाची जाड चकती तयार करून घेतात. येथे अचूकता हेच सर्वस्व असते. एंजिनाचा मुख्य दंड आणि गिअरबॉक्सचा दंड एकाच रेषेत असले पाहिजेत. मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरकही क्लच आणि बेअरिंग लवकर खातो. भोके डोळ्यांच्या अंदाजाने पाडून हे काम होत नाही. डायल गेज लावून केंद्र तपासावे लागते. पीण्यातील एखाद्या चांगल्या कारखान्यासाठी हे अवघड काम नाही, पण अचूक माप कारागिराच्या हाती देण्याची जबाबदारी मालकाची असते.

लांब एंजिन वा लांब गिअरबॉक्स यांचा परिणाम मागच्या प्रोपेलर शाफ्टवर होतो. जुन्या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर असते. समजा, शाफ्टची लांबी ५० सेंटिमीटर आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत २० सेंटिमीटरचा फरक आहे. तर त्याचा कल सुमारे २४ अंशांचा असतो. गिअरबॉक्स दहा सेंटिमीटर मागे सरकली, की शाफ्ट ४० सेंटिमीटरचा राहतो व कल ३० अंशांवर जातो. एवढ्या कोनात साधा युनिव्हर्सल जॉइंट फार काळ तग धरत नाही. लांब चासीची पिकअप गाडी येथे जीपपेक्षा उजवी ठरते, कारण तिच्या शाफ्टला लांबी असते. मात्र रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर भार कमी असल्याने त्यांची पकडही कमी असते, हे विसरता येत नाही.

एंजिनामागोमाग येणारी कामे

एंजिन बसले म्हणजे काम संपले, असे वाटणे हा या व्यवसायातील सर्वांत महागडा भ्रम आहे. जास्त शक्तीचे एंजिन जास्त उष्णता बाहेर टाकते. मंद गतीच्या चढावर समोरून वारा मिळत नसल्यामुळे रेडिएटर आणि पंखा यांच्यावरच सारा भरवसा असतो. जुन्या जीपची विद्युत्‌व्यवस्था ६ व्होल्टची होती. डिझेल एंजिन चालू करणारी मोटार आणि सिलिंडर तापविणारे प्लग यांना १२ व्होल्ट लागतात. आधुनिक डिझेल एंजिन तर आपल्या संगणकाशिवाय, संवेदकांशिवाय आणि तारांच्या संपूर्ण जुडग्याशिवाय चालतच नाही. जुन्या बाजारातून नुसते एंजिन उचलून आणणाऱ्याला हे सर्व पुन्हा शोधत फिरावे लागते. म्हणून असे एंजिन शक्य तर तारांसह एकाच गाडीचे घ्यावे.

सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. पेट्रोल एंजिनाच्या आत येणाऱ्या हवेच्या नळीत निर्वात निर्माण होतो आणि ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर त्यावर चालतो. डिझेल एंजिनाच्या नळीत तसा पुरेसा निर्वात नसतो. त्यासाठी वेगळा पंप लागतो. पेट्रोलच्या जागी डिझेल बसवून हा पंप विसरला, तर गाडी चालते, पण ऐन वेळी पाय कितीही दाबला तरी ती वेळेवर थांबत नाही. त्यातच मोठे टायर थांबविण्यास अधिक बळ लागते आणि वाढलेल्या वजनाने स्टिअरिंग जड होते. गाडी पळविण्याच्या प्रत्येक सुधारणेबरोबर ती थांबविण्याची व वळविण्याची सुधारणा वहीत लिहिली गेली नाही, तर नियोजन अपुरेच राहिले असे समजावे.

कायद्याची चौकट

पत्र्यावर कटर लावण्यापूर्वी आणखी एक दुवा तपासावा लागतो. तो यंत्रातला नसून कागदांतला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी मान्य संच बसविणे यासारख्या बाबींना विहित अटींवर मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ अंतर्भूत झाले. अधिनियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की सार्वजनिक रस्त्यावर चालवावयाच्या गाडीत त्याच जातीचे एंजिन परिवहन कार्यालयाच्या पूर्वपरवानगीने बसवून नवा क्रमांक नोंदवून घेणे हा मार्ग सरळ आहे. दुसऱ्या जातीचे, अधिक शक्तीचे एंजिन व परके अ‍ॅक्सल यांचा मार्ग बहुतांशी बंद आहे. खाजगी मळ्यात किंवा बंदिस्त स्पर्धेच्या वाटेवर चालणारी गाडी ट्रकवर चढवून नेता येते. महामार्गाने ती स्वतः धावू लागली, की प्रश्न बदलतो. नोंदणीतील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक आढळला, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही वाद उद्‌भवतो. आणि त्या अपघातात जखमी झालेला माणूस बहुधा गाडीचा मालक नसतो. हे बंधन काहींना जाचक वाटते. परंतु कारखान्यात तयार झालेल्या गाडीचे ब्रेक, धूर आणि मजबुती यांची चाचणी पुण्याच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’सारख्या मान्य संस्थेत होते. गॅरेजमध्ये बदललेल्या गाडीची अशी चाचणी कोणीच केलेली नसते, हा बंधनामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

नियोजनाची वही

या सर्व विवेचनाचे सार एका वहीत मावते. पहिल्या पानावर हेतू, दुसऱ्यावर टायरची त्रिज्या आणि गाडीचे ओझ्यासह वजन, तिसऱ्यावर त्यांतून निघणारी पकड व अ‍ॅक्सलवरील ताण, चौथ्यावर दोन्ही अ‍ॅक्सलांचे सामायिक प्रमाण, पाचव्यावर ट्रान्स्फर केस व गिअरबॉक्स, सहाव्यावर एंजिन, सातव्यावर शीतन, वीज, ब्रेक आणि स्टिअरिंग, आठव्यावर परवानगी, आणि नवव्यावर खर्च. खर्चाच्या पानावर एंजिनाची किंमत ही केवळ पहिली ओळ असते. हे पान भरून झाले, की कित्येक मालकांना असे आढळून येते, की आपल्या दुखण्यावर ट्रान्स्फर केसचा वेगळा संच, नीट बसविलेले क्राउन-पिनियन किंवा मूळ एंजिनाची संपूर्ण दुरुस्ती हाच पुरेसा उपाय आहे.

काहींचा हिशेब तर नव्या गाडीकडेच बोट दाखवितो. बंगळूरजवळच्या बिडदी येथे किर्लोस्कर घराण्याच्या सहयोगाने टोयोटाचा कारखाना उभा राहिला. तेथील हायलक्स ही पिकअप २०२२ साली भारतात आली. तिचे २,७५५ घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन हातगिअरच्या गाडीत सुमारे ४३ किलोग्रॅम-मीटर टॉर्क देते आणि मागच्या डिफरन्शियलला कुलूप असते. युद्धकाळातील जीपच्या तिप्पट टॉर्क तिचे अ‍ॅक्सल सहन करतात, कारण ते त्या एंजिनासाठी, त्या वजनासाठी आणि त्या टायरसाठीच आखलेले असतात. जुन्या गाडीत हात घालणाऱ्याला हीच एकसंधता स्वतःच्या कागदावर निर्माण करावी लागते. ज्याने चाकापासून सुरुवात करून एकेक दुवा मोजला, त्याला कोणता भाग बदलावा हे कळते आणि कोणता बदलू नये हेही कळते. गॅरेजच्या मागे पडलेल्या अर्धवट गाड्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या ज्ञानाच्या अभावी तेथे पडलेल्या असतात.